काकीचं कडं

आमच्या मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कुठल्या पंचांगात सापडत नाही. भराडीदेवीला कौल लावायचा, तिनं दिला की तारीख ठरायची आणि मग मुंबईतल्या चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू. एरवी गड नदीच्या काठाला गपगुमान पडून असलेलं आमचं गाव त्या दीड-दोन दिवसांत माणसांनी फुलून जातं. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते रांगांचे आणि पुढाऱ्यांचे. पण या जत्रेतला माझा आवडता भाग रात्रीचा. आंगण्यांच्या घराघरांतल्या बायका त्या दिवशी उपाशी राहून देवीचा नैवेद्य रांधतात, आणि रांधताना तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. मग ती ताटं डोक्यावर घेऊन देवळात जातात. आम्ही दुसऱ्या वाडीतले, त्यामुळे बघणाऱ्यांत. लहानपणी काकीचा हात धरून गर्दीत उभी राहायचे, तेव्हा ती हळूच म्हणायची, "रांधताना बोलूचां नाय म्हणजे कोणाचां ऐकूचांय नाय. बरां आसा गो!"

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला गिरणीत होते. १९६७ साली ते गेले तेव्हा काकीचं वय सव्वीस. मूलबाळ नव्हतं. ती एक ट्रंक घेऊन मसुऱ्याला परत आली आणि पुढची चाळीस वर्षं आमच्या घराच्या मागच्या पडवीत राहिली. तिला कुणी छळलं, उपाशी ठेवलं असं काही नाही हो. घरातल्या सगळ्या पोरांना तिनंच वाढवलं. नारळ खवायला काकी, पेजेला काकी, गड्यांच्या भाकऱ्या थापायला काकी. फक्त चतुर्थी आली, की नैवेद्याच्या चुलीपाशी काकी नाही. गौरीच्या ओवशाला सुपं घेऊन घरच्या सवाष्णी पुढच्या दारी जमत, तेव्हा काकी मागच्या दारी भांडी घासत असे. तिला कुणी "जा" म्हणत नसे. ती आपणच जात असे. आता वाटतं, कुणी तोंडानं "जा" म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

ही प्रस्तावना एवढ्यासाठी, की २००८ साली काकी माझ्याकडे नांदेडला आली आणि जे झालं ते मसुऱ्यात कधी झालं नसतं.

यांची बँकेतली बदली नांदेडला झाली होती. काकीचं गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून मीच म्हटलं, ये महिनाभर, इथल्या डॉक्टरांना दाखवू. कणकवलीहून कोकणकन्येनं मुंबई आणि तिथून देवगिरी एक्स्प्रेसनं नांदेड. भाताशिवाय न जेवणारी, समुद्राच्या वाऱ्याला सवकलेली बाई मराठवाड्यात उतरली ती नेमकी गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या आधी. सगळं शहर निळ्या-केशरी पगड्यांनी भरलेलं. रिक्षातून उतरता उतरता काकीनं विचारलं, "हय खयची जत्रा?"

खरं तर तो प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. बरोबर तीनशे वर्षांपूर्वी, १७०८ साली, शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि गोदावरीच्या काठी नांदेडला थांबले. इथंच त्यांच्यावर पठाणानं खंजिराचा वार केला. ती जखम पुन्हा उसवली आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितलं, की यापुढं देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. म्हणजे शीख धर्माला आजचं रूप देणारी ही घटना पंजाबात नाही, आपल्या मराठवाड्यात घडली. जिथं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तिथं महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात गुरुद्वारा बांधला. तेच तख्त सचखंड श्री हुजूरसाहिब, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. बाकीची चार अमृतसर, आनंदपूर, पाटणा आणि तलवंडी साबोला.

आमच्या शेजारी एक सरदारणीबाई राहत. त्यांचं घराणं दखनी शिखांचं. रणजितसिंहांनी निजामाकडे जी फौज पाठवली होती, तिच्यातल्या शिपायांचे वंशज नांदेडात पुष्कळ आहेत. पिढ्यान् पिढ्या इथंच राहिल्यानं या बाई मराठी बोलायच्या ती अस्सल नांदेडी. काकीला बघताच म्हणाल्या, "या की वो मावशी, लंगरला चलता का आमच्यासंगं? गर्दी लई हाय, हात कमी पडायलेत."

मी जरा चपापले. काकीला "हात कमी पडतायत" असं कुणी सांगितलं की ती निघालीच. पण देवाच्या कामाला? तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सरदारणीबाईंना आधीच सांगून टाकलं, स्वच्छ मालवणीत, की मी विधवा आहे, माझा हात चालत नाही. त्यांना मालवणी अर्धीच कळली. उरलेली मी सांगितली. त्यावर त्या बाई गोंधळून मलाच म्हणाल्या, "आन् त्याचं काय? हात धुतले म्हंजे झालं."

लंगरच्या त्या स्वयंपाकघराचं वर्णन कसं करू? आपल्याकडच्या मोठ्यात मोठ्या लग्नाची चूल दहानं गुणावी. डाळीच्या कढया एवढ्या, की ढवळायला वल्ह्यासारखे डाव. एका बाजूला पुरुषांचा घोळका लसूण सोलतोय. त्यात एक पोलिसांतले अधिकारी होते म्हणे. दुसरीकडे लांबलचक तव्यापाशी बायका आणि पुरुष ओळीनं बसून पोळ्या लाटतायत. या पोळीला ते 'प्रशादा' म्हणतात, आणि वाढताना ती ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढं करून घ्यायची. मला गंमत वाटली ती शब्दांची. संगत आणि पंगत. हे दोन्ही शब्द आपल्या घरातले. आधी पंगतीत बसा, मग संगतीत या, हा दंडक तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी, गोइंदवालला घातला. बादशहा अकबर भेटायला आला तेव्हा त्यालाही आधी जमिनीवर बसून जेवावं लागलं, असं परंपरा सांगते. जात, हुद्दा, बाई, पुरुष सगळं चपलांबरोबर बाहेर.

काकीची पहिली पोळी अगदीच फजिती. कोकणातल्या बाईच्या हाताला लाटणं परकं. शेजारी एक पंजाबहून आलेली म्हातारी होती, तिला सगळे 'बीजी' म्हणत. तिनं काकीच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि दोन तळव्यांत गोळा थापून दाखवला. काकीचा चेहरा उजळला. ही तर भाकरी! मग काय, तांदळाची भाकरी थापण्यात चाळीस वर्षं गेलेले हात. दोघी म्हाताऱ्या एकमेकींची भाषा न कळता दुपारपर्यंत थापत होत्या आणि हसत होत्या. घरी येताना गुडघा धरून चालत होती, पण बोलत होती ती एकच, "माका कोणी इचारूक नाय गो. तू कोण, तुझो घोव खय, कोणी कोणी इचारूक नाय."

डॉक्टर राहिले बाजूला. महिनाभर काकी रोज लंगरला.

शिखांच्या इतिहासातल्या बायका मला काकीमुळं कळल्या, हेही खरंच. ती रोज सरदारणीबाईंकडून एक गोष्ट घेऊन यायची आणि मी पुस्तकांत ती पडताळून बघायची. पहिली गोष्ट माता खीवींची, दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नीची. खडूरला त्या स्वतः लंगर सांभाळत आणि त्यांच्या हातच्या तुपाळ खिरीचा उल्लेख चक्क गुरू ग्रंथसाहिबात आहे. सत्ता आणि बलवंड नावाच्या दोघा गवयांनी तो केला. कुठल्याही धर्मग्रंथात देव-देवता, राजे, ऋषी यांची नावं असतात. रांधणाऱ्या बाईचं, आणि तेही तिच्या रांधण्यासाठी, नाव किती ठिकाणी आहे? दुसरी गोष्ट बीबी अमरोची. ती गुरू अंगदांची लेक. सासरी सकाळची कामं करता करता ती गुरू नानकांच्या रचना गात असे. तिच्या चुलतसासऱ्यांनी, अमरदासांनी, त्या ऐकल्या, विचारलं हे काय गातेस, आणि तिच्याबरोबर तिच्या वडिलांकडे गेले. वयाची साठी ओलांडलेले हेच गृहस्थ पुढं तिसरे गुरू झाले. सती आणि पडदा या दोन्ही प्रथांविरुद्ध ते बोलले. सोळाव्या शतकात! म्हणजे सुनेच्या ओव्या सासऱ्यानं कान देऊन ऐकल्या, त्याचं हे फळ.

काकीला मात्र सगळ्यांत भिडल्या त्या माता साहिब देवां. गुरू गोविंदसिंगांशी त्यांचं लग्न १७०० साली झालं. त्यांना मूल नव्हतं. परंपरा सांगते, की गुरूंनी त्यांना म्हटलं, हा सगळा खालसा पंथ तुझ्या ओटीत घातला. आजही अमृत घेऊन खालसा होणारा प्रत्येक जण वडील म्हणून गुरू गोविंदसिंग आणि आई म्हणून माता साहिब कौर हेच नाव सांगतो. अमृताच्या पाण्यात बत्तासे घालून त्यात गोडवा आणणारी बाई म्हणूनही त्यांचं नाव घेतात. काही जाणकार म्हणतात, त्या माता जीतो असाव्यात, कारण खालसाची स्थापना १६९९ ची, या लग्नाच्या आधीची. असो. लोखंडाच्या खंड्यानं ढवळलेल्या पाण्यात साखर घालायचं कुणा बाईला सुचलं, एवढं मला पुरे. साहिब देवां गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आल्या होत्या. अखेरच्या दिवसांत गुरूंनी त्यांना दिल्लीला माता सुंदरींकडे पाठवलं. तिथून विधवा साहिब देवां पंथाला हुकूमनामे पाठवत राहिल्या. १७४७ साली त्या गेल्या. नांदेडजवळ त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. आम्ही तिथं गेलो तेव्हा काकी बराच वेळ भिंतीला टेकून बसली. "पोर नाय, घोव नाय," ती म्हणाली, "आणि कागद धाडी होती? आणि लोक ते मानी होते?"

हो, मानत होते.

आणि माई भागो! अमृतसरजवळच्या झबालची ही बाई. आनंदपूरच्या वेढ्यात उपासमार झाली तेव्हा माझा भागातले चाळीस शीख, 'तुम्ही आमचे गुरू नाही' असं लिहून देऊन घरी परतले. भागोनं त्यांना लाज आणली, स्वतः शस्त्र घेऊन घोड्यावर बसली आणि त्यांना परत फिरवलं. खिदराण्याच्या तळ्यापाशी मोगल फौजेशी लढत ते चाळीसही पडले. मरता मरता त्यांच्यातल्या महानसिंगानं मागितलं ते एवढंच, की तो कागद फाडून टाका. गुरूंनी फाडला. त्या चाळिसांना 'मुक्ते' म्हणतात आणि त्यावरून त्या जागेचं नाव मुक्तसर. भागो जखमी झाली, पण वाचली. पुढं ती गुरूंच्या अंगरक्षकांत राहिली, नांदेडला आली आणि त्यांच्यानंतर बिदरजवळच्या जनवाड्याला जाऊन राहिली. तिथंच तिचा शेवट झाला. हुजूरसाहिबच्या आवारात तिच्या नावाचा बुंगा आहे. सरदारणीबाईंनी सांगितलं, की इथल्या मुली शाळेच्या परीक्षेआधी तिथं डोकं टेकवतात. काकीनं लगेच विचारलं, "ती चाळीस माणसां हिचां ऐकली कशी?" याचं उत्तर पुस्तकात मिळालं नाही.

मैत्रिणींनो, सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. कीर्तनात रागींनी 'भगत नामदेवजी' म्हटलं तेव्हा काकी ताठ होऊन बसली. मसुऱ्याच्या भजनात पखवाजाच्या तालावर ऐकलेला आपला नामा इथं कसा? मी तिला सांगितलं, की नामदेव उत्तरेत गेले, पंजाबातल्या घुमानला राहिले, तिथं त्यांचं मंदिर आहे. (पुढं २०१५ मध्ये त्याच घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मला या प्रसंगाची आठवण आली.) सगळं ऐकून काकी म्हणाली, "नामदेवाक हाडल्यानी, नि जनीक घराक ठेवल्यानी?" मी गप्प. कारण ते खरंच आहे. कबीर, रविदास, शेख फरीद, असे निरनिराळ्या जातिधर्मांचे भक्त त्या ग्रंथात मांडीला मांडी लावून बसले आहेत, पण त्यांच्या ओळीत एकही बाई नाही. आणि बाईला पुरुषाच्या बरोबरीची मानणाऱ्या या धर्मातही, अमृतसरच्या दरबारसाहिबात स्त्रियांना कीर्तन करू द्या, असा ठराव पंजाबच्या विधानसभेला २०१९ मध्ये करावा लागला. सरदारणीबाईंशी मी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरूनं सांगायचं काम केलं. करायचं काम आपलं राह्यलं की." यावर मी काय बोलणार? आमच्याकडं तर सांगणारेही थोडके नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी काकी गुरुद्वाराच्या रस्त्यावरच्या दुकानांतून एकटीच फिरून आली. हातात लोखंडी कडं. वीस रुपयांचं. शिखांच्या पाच ककारांतलं एक, केस, कंगा, कृपाण आणि कच्छ यांच्या बरोबरीचं. धर्म बदलला-बिदलला काही नव्हतं. आवडलं म्हणून घेतलं. चाळीस वर्षांत त्या मनगटावर काही चढलं नव्हतं, साधी काचेची बांगडीसुद्धा नाही. मी पाहतच राहिले. ती म्हणाली, "असां काय बघतंस? ह्यां कांकण नाय, कडां आसा."

हे वाक्य तिनं मसुऱ्याला गेल्यावर किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. शेजारणींना, भावकीतल्या म्हाताऱ्यांना, एकदा भटजींनाही. बांगडी असती तर सगळ्यांना बोलता आलं असतं. लोखंडी कड्यावर काय बोलायचं ते कुणाला सुचेना.

पुढच्या वर्षीच्या चतुर्थीला वैनी तापानं आडवी झाली. मी तेव्हा घरीच होते. सकाळचे नऊ वाजले तरी नैवेद्याची चूल थंड. बाबा पुढच्या पडवीत येरझाऱ्या घालत होते, मला हाका मारत होते, आणि मी हातातलं काम संपतच नाही असं सोंग करत होते. खोटं कशाला बोलू? मी वाट बघत होते. काकी आंघोळ करून आली, पदर खोचला, कडं कोपराकडं सरकवलं आणि चुलीपुढं बसली. बाबा दारात येऊन थांबले. काकी वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "शेकड्यांनी माणसां जेवली माझ्या हातचां. गुरूक चाल्लां. गणपतीक इचारून येवा." बाबा गणपतीला विचारायला गेले की नाही कुणास ठाऊक, पण ते परत दारात आले नाहीत. त्या दिवशी मोदक एकवीस झाले आणि त्यातला एक फुटला. तो काकीनंच खाल्ला.

यानंतर आमचं घर बदलून गेलं असं लिहायला मला आवडलं असतं. वैनी बरी झाली आणि पुढच्या वर्षी चूल पुन्हा तिच्याकडं गेली. काकी मोदक वळायला बसू लागली, एवढंच. ओवशाला ती शेवटपर्यंत पुढच्या दारी आली नाही. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाली, "माका नको ता. माका रांधूचां होतां." मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनंही त्याचं परिपत्रक काढलं, तेव्हा मी ते कात्रण कापून ठेवलं. काकीला दाखवायला ती नव्हती. २०१९ च्या पावसाळ्यात, गड नदीला पूर असताना ती गेली.

नांदेडच्या सरदारणीबाईंना मी फोन करून कळवलं. त्यांनी त्या दिवशी लंगरमध्ये काकीच्या नावानं खीर घातली.

कडं माझ्याकडं आहे. भाकऱ्या थापताना परातीच्या काठाला लागून ते ठणठण वाजतं, म्हणून एरवी मी ते काढून ठेवते. चतुर्थीला मसुऱ्याला गेले, की वैनी ते माझ्याकडून मागून घेते, तिच्या हिरव्या चुड्याच्या मागं सरकवते आणि नैवेद्याला बसते.